एक लाख चव्वेचाळीस हजारातली एक जागा

एकोणऐंशी सालच्या जुलै महिन्यात कोल्हापुरावर दोन संकटं एकदम आली. एक आकाशातून पडणार होतं. त्याचं नाव स्कायलॅब. अमेरिकेनं वर सोडलेलं कसलंसं घरच ते. आता खाली येणार आणि कुठं पडेल हे खुद्द अमेरिकेलाही ठाऊक नाही, असं पेपरात रोज छापून येत होतं. दुसरं संकट फक्त आमच्या ख्रिस्ती मंडळीपुरतं होतं. ते बेळगावकडच्या ब्रदर यहेज्केलनी एसटीनं आणलं.

ब्रदरनी तीन दिवस सभा घेतल्या. मांजरपाटाच्या कापडावर रंगवलेला तक्ता त्यांनी भिंतीला टांगला. त्यात बारा चौकोन, प्रत्येक चौकोनात बारा हजार, आणि खाली बेरीज मारलेली : एक लाख चव्वेचाळीस हजार. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अगदी शेवटच्या भागात योहानाला जे दर्शन झालं, त्यात कपाळावर देवाचा शिक्का असलेली माणसं एवढीच आहेत, असं ते म्हणाले.

"हजार म्हंजे हजार!" त्यांनी तक्त्यावर छडी आपटली. "मूळ ग्रीक शब्द काय हाय, ठाऊक हाय काय कुणाला? खिलियादेस! देवाचा आकडा रबराचा नसतोय, वढला की वाढला! जागा तेवढ्याच. भरत आलेल्या हैत."

'भरत आलेल्या हैत' म्हणताना त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. ते मला आवडलं नाही.

आमची माणसं म्हणजे साखरेच्या रांगेत म्हातारी झालेली, गॅससाठी नंबर लावून पाच-पाच वर्षं बसलेली, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी. नरकातल्या आगीचं वर्णन ऐकताना ती जांभया देतात. पण 'जागा भरत आल्या' हे शब्द कानावर पडले, आणि सगळ्या बाकांवरून एकदम वारं गेल्यासारखं झालं. पुढच्या बाकावर एक बाई रडायला लागली. तिच्या नवऱ्यानं तिला गप्प केलं नाही, कारण त्याचंही तोंड उतरलं होतं.

सभा संपल्यावर लोक ब्रदरकडे गेले नाहीत. माझ्याकडे आले. मंडळीचं सभासद रजिस्टर माझ्याकडे असतं. दिवसभर मी महापालिकेत घरफाळ्याच्या टेबलावर बसतो. कुठल्या घराला कुणाचं नाव लावायचं, कुणाचं कमी करायचं, हे माझं काम. रविवारी तेच काम मी चर्चमध्ये करतो, बिनपगारी. माझ्याआधी माझे वडील करायचे. त्यामुळं रजिस्टरातला नंबर हाच वरच्या जागेचा नंबर, हा हिशेब लोकांनी परस्पर जमवून टाकला. ब्रदरनी तसं कुठंही म्हटलं नव्हतं.

पंच ज्ञानूमास्तर चष्मा पुसत घरी आले. पस्तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. रजिस्टरवर सही करायला यांना एरवी चार निरोप लागतात.

"सहज आलो होतो," मास्तर म्हणाले. "माझा नंबर काय हो?"

"एकशे सत्याऐंशी."

"म्हणजे पहिल्या दोनशेत आहे म्हणा की." आणि ते चहा न घेता गेले. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

मी हसलो, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत आमचे हेडक्लार्क दत्तोपंत यांना सगळं सांगितलं. त्यांना असल्या गोष्टी पानाबरोबर लागतात.

"अहो शामराव, नुसत्या कोल्हापूरची वस्ती अडीच लाखांच्या वर गेली," ते म्हणाले. "तुमचा स्वर्ग आमच्या चार पेठांना पुरायचा नाही. आमच्याकडं बघा, नुसते देवच तेहतीस कोटी. भक्त किती, त्याची मोजदादच ठेवली नाही कुणी. कटकट नाही."

आम्ही दोघंही हसलो. मग सवयीनं मी एका रद्दी कागदाच्या पाठीवर भागाकार मांडला. एक लाख चव्वेचाळीस हजार भागिले एकोणीसशे वर्षं. वर्षाला पंच्याहत्तर-शहात्तर माणसं. सगळ्या जगातून. यात्रेच्या दिवशी जोतिबाच्या एका एसटीत याहून जास्त चढतात. मी कागदाचा बोळा केला आणि टोपलीत टाकला. संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीवर गेलो, पेटीतून रजिस्टर काढलं, आणि सगळ्यात आधी स्वतःचा नंबर बघितला. दोनशे सहा. पेटीला कुलूप लावलं. चहा टाकला. मग कुलूप काढून पुन्हा बघितला. दोनशे सहाच होता.

सोमवारी दुपारी बयाबाई आवळे थेट कचेरीत आली. मिशन दवाखान्यात तिनं तीस वर्षं आया म्हणून काढली, बहुतेक सगळी रात्रपाळीत. अर्ध्या मंडळीची नाळ तिनं कापलेली. माझीसुद्धा. आता सत्तरीला आली होती, एकटी राहायची, आणि तीन महिन्यांपासून तिच्या पोटात गोळा होता. तिची भाची प्रमोदिनी मिरजेच्या दवाखान्यात नर्स. तिनं खटपट करून ऑपरेशनचा दिवस मिळवला होता : गुरुवार, बारा जुलै. पत्रात तिनं लिहिलं होतं, ही तारीख चुकवू नकोस, पुढची दिवाळीनंतर मिळेल आणि डॉक्टर म्हणतात तेवढे दिवस आपल्याकडं नाहीत. हे पत्र मीच बयाबाईला वाचून दाखवलं होतं.

तिनं पदराखालून एक टाइप केलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. वर कोर्ट फीचा स्टँपसुद्धा लावला होता. कचेरीच्या फाटकाशी करीम टाइपरायटर घेऊन बसतो. त्याच्याकडं सगळ्या अर्जांचा एकच साचा असतो, फक्त नावं बदलतात. कागदावर असं होतं :

'विषय : नाव कमी करून नाव लावणेबाबत. महाशय, खाली अंगठा करणार विनंती अर्ज करते की, माझे नावे असलेली स्वर्गातील जागा माझे मयत पती पिराजी यांचे नावे करणेत यावी. त्यास माझी कोणतीही हरकत नाही. सदर जागेवर कोणताही बोजा नाही.'

दत्तोपंतांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्यांना ठसका लागला. "बोजा नाही! शाबास करीम!" मग त्यांनी बयाबाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि पान थुंकायच्या निमित्तानं बाहेर गेले.

"मावशी, हे काय?"

"वाचलास न्हवं? मग लाव नाव."

"अहो, ही काय घराची नोंद आहे होय?"

"शामू, मला शिकवू नगंस." तिनं टेबलाच्या कडेला घट्ट धरलं. पोटातून कळ आली असावी. "जागा मोजून हैत म्हणाला ना त्यो बेळगाववाला? माझी एक हाय. त्येची न्हाय. तुझ्या बानं काटली."

ते खरं होतं. पिराजी हलगी वाजवायचा. बाप्तिस्मा घेताना त्यानं हलगी सोडतो म्हणून शब्द दिला, आणि एक्कावन्न साली जोतिबाच्या चैत्रयात्रेत सासनकाठीपुढं वाजवली. पंचांनी जाब विचारला तेव्हा म्हणाला, "म्या देवाला न्हाय वाजवली. काठी नाचाय लागली, हात आपसूक चालला." माफी माग म्हटलं तर मागितली नाही, कारण हाताच्या वतीनं माफी कशी मागायची हे त्याला कळेना. जुन्या रजिस्टरात एकेचाळीस नंबरवर त्याची ओळ आहे. तिच्यावर माझ्या वडिलांच्या हातची तांबडी रेघ, आणि पुढं शेरा : 'हलगी वाजविली. समज दिली. ऐकले नाही. नाव कमी.' सात वर्षांनी तो दम्यानं गेला, ती रेघ तशीच ठेवून. पुढं मी नवी वही केली तेव्हा काटलेली ओळ म्हणून ती उतरवली नाही, आणि मागचे नंबर वर सरकले.

"मी एकट्यानं नाव लावू शकत नाही," मी म्हणालो. "पंचांचा ठराव लागतो."

"मग कर ठराव. पुढच्या बेस्तरवारच्या आत कर. सुरीखाली मेले तर मागनं कोण करणार हाय?"

"आणि ठराव नाही झाला तर?"

"तर म्या मिरजेला जात न्हाय."

मला वाटलं, बोलते झालं. म्हातारी माणसं बोलतात.

आमचे पाळक शलमोनराव त्या आठवड्यात शाहूवाडीकडच्या खेड्यांत होते. ते शनिवारी परत आले, तोवर मंडळीत आणखी सात जणांनी आपापला नंबर बघून घेतला होता, आणि एका माणसानं तर आपल्या नंबरच्या वरची माणसं कोण कोण वारली हेही विचारलं होतं. रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक बसली. पाळकसाहेब सेमिनरीत ग्रीक शिकलेले. एरवी ते ही विद्या बाहेर काढत नाहीत, पण त्या दिवशी काढली.

"ब्रदर शब्द चुकीचा बोलले नाहीत," ते म्हणाले. "खिलियादेसच आहे. हजाराहजारांचे गट. पण अशी मोजणी कधी करायचे, ते त्यांनी सांगितलं नाही. मोशेच्या काळी रानात लोक मोजले ते असेच, वंशावार, हजारांनी. ती हजेरी होती. मास्तर, तुम्ही पस्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलीत. ती मुलांना बाहेर काढायला घेत होता, की कोण आलं नाही ते बघायला?"

"आमच्या शाळेत तुकडीला पंचेचाळीसचीच मर्यादा होती," ज्ञानूमास्तर म्हणाले.

पाळकसाहेबांनी श्वास घेतला. "बारा म्हणजे सगळे वंश. बाराला बारानं गुणलं, वर हजार लावले. सगळे आले, कुणी राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. आपण म्हणतोच ना, लग्नाला सतराशे साठ माणसं होती? कुणी मोजून म्हणतं का?"

"पण इथं योहानानं मोजलंय."

"मोजलं नाही हो! आकडा त्याच्या कानावर आला. मग त्यानं डोळे वर करून बघितलं, तर समोर कुणाच्यानं मोजवणार नाही एवढी गर्दी. लगेच पुढं लिहिलंय. ब्रदरनी त्याच्या अलीकडंच पुस्तक मिटलं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला बरं वाटायला लागलं होतं. मग मास्तर खाकरले.

"पण पाळकसाहेब, मग आपण त्या आकड्यातले, की गर्दीतले?"

मी बयाबाईचा अर्ज पुढं ठेवला. एरवी हसले असते ते तिघंही पंच त्या कागदाकडं साप बघावा तसं बघत राहिले.

"पिराजीला परत घ्यायला माझी ना नाही," मास्तर शेवटी म्हणाले. "फक्त जुन्या नंबरावर घ्यायचा, की शेवटी?"

"त्यानं काय फरक पडतो?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही, एकेचाळीसवर घेतला तर मागचे सगळे एकेक नंबर खाली सरकतात. मी एकशे अठ्ठ्याऐंशी होतो."

पाळकसाहेब त्यांच्याकडं बघत राहिले. पस्तीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवलेला माणूस, सफेद टोपी, धोतर, आणि डोळ्यांत भीती. खोटी नाही, अगदी खरी, अंधारात जिना उतरताना असते तशी. सगळ्यांत वाईट म्हणजे, तेवढ्या वेळात मी मनात दोनशे सात हा आकडा करून बघितला होता. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

मंगळवारी दुपारी कचेरीतून निघालो तर बयाबाईची शेजारीण लालबी फाटकाशी उभी. ती दारोदार बांगड्या भरते. टोपली डोक्यावरच होती.

"ओ शामराव! काय केलासा तुम्ही लोकांनी तिला?" तिनं रस्त्यातच सुरू केलं. "सकाळी मिरजेची पिशवी भरलेली, ती सगळी उलटी करून बसलीया. जात न्हाई म्हणती. कालपासनं पोट धरून कण्हतीया. प्रमोदिनी उद्या ठेसनावर येऊन हुबी राहणार, आन् ही हितं! स्कायलॅब पडायच्या आदी हीच जाईल की!"

मी घरी जाऊन रजिस्टर मेणकापडात गुंडाळलं आणि निघालो. का घेतलं ते मलाही सांगता आलं नसतं.

बयाबाई खोलीत भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी धरून. तोंड राखेसारखं झालं होतं. पिशवीतलं लुगडं, तांब्या, साबणाची वडी, सगळं जमिनीवर मांडलेलं. लालबी उंबऱ्यात बसली.

"झाला ठराव?"

"पुढच्या बैठकीत घेणार आहेत."

"कदी?"

"ऑगस्टात."

ती हसली. ते हसू बघवलं नाही. "मग जा तू. म्या ऑगस्टापतोर थांबते."

"मावशी, पाळकसाहेबांनी सांगितलंय, तो आकडा म्हणजे कोटा नव्हे. हजेरी आहे. ग्रीकमध्ये—"

"गिरीक शिकलेल्या मान्सांचं. मला तक्त्यावर दाखवला आकडा, रंगात." ती जरा थांबली, कळ जाऊ दिली. मग हळू बोलायला लागली. "तुला म्हाईत न्हाय शामू. एवढा थोरला गडी, पर त्येला अंधाराचं लई भ्या वाटायचं. रातचं परसात जायचं म्हंजे मला उठवायचा. म्या कंदील घेऊन हुबी, आन् ह्यो म्हनायचा, बया, हाईस न्हवं? हाईस न्हवं? दार लागल्यावर भाईर अंधार असतोय म्हनत्यात शास्त्रात. त्यो तितं हुबा हाय. बोलवतोय. आन् म्या आत जाऊन बसू व्हय उजेडात?"

"आणि तुम्ही बाहेर राहणार?"

"मला सवय हाय अंधाराची. तीस वर्सं रातपाळी केलीया."

लालबीनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस मी भीतीला हसत होतो, पण त्या खोलीत भीती खरोखर बसलेली होती, भिंतीला पाठ लावून, आणि तिच्या पोटातल्या गोळ्यापेक्षा मोठी होती. बाई मरायला तयार होती. मिरजेला न जाता, कळा सोसत, इथंच. कारण मेल्यावर एका माणसाला बाहेर सोडून आत जावं लागेल या विचारानं तिला मरणाहून जास्त भ्या वाटत होतं.

"त्येचं न्हाय लावता येत तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझं काट. त्येला तरी ठराव लागत न्हाय न्हवं? एक जागा मोकळी हुईल. मग देवाला कळंल कुणाला द्यायची. पुस्तक आणलास की. काट."

"मावशी..."

"तुझी नाळ म्या कापली. दोन बोटं धरून कापली, हात हालला न्हाय. तू माझं एक नाव कापाय भेतोस?"

मी रजिस्टर मांडीवर उघडलं. पेनचं टोपण काढलं. घरफाळ्याच्या टेबलावर मी आजवर दोन-अडीच हजार नावं तरी काटली असतील, एकदाही पेन अडलं नाही. आता निब कागदावर टेकेना. आपण हे करणार नाही आहोत, हे मला माहीत होतं. फक्त तिला 'काटलं' असं खोटं सांगायचं, की खरं बोलून तिला इथंच मरू द्यायचं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. दोन्हींची भीती वाटत होती. वेळ काढायला म्हणून मी कचेरीतलं केलं. नाव काटण्याआधी ते अर्जदारापुढं मोठ्यानं वाचायचं आणि हो म्हणवून घ्यायचं, नाहीतर भलत्याचंच घर जातं.

"अनुक्रमांक अठ्ठावन्न," मी वाचलं. "श्रीमती बया पिराजी आवळे."

आणि थांबलो.

"व्हय, म्याच. काट."

"मावशी, ही ओळ काटली तर पिराजीमामाबी जातोय."

"ऑ?"

"तुमच्या ओळीत मधी त्याचंच नाव आहे. बया, पिराजी, आवळे. तांबडी रेघ मारली तर तिन्ही शब्दांवर एकदम बसणार. बया तेवढी काटायची आणि पिराजी ठेवायचा, असं होत नाही."

ती माझ्याकडं, मग पुस्तकाकडं बघत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं बोट पुढं केलं. मी ते धरून मधल्या शब्दावर ठेवलं.

"ह्यो?"

"हा."

"म्हंजे त्यो हितं बसलाय? माझ्या वळीत?"

"बसलाय की. वडिलांनी एकेचाळीसवरचा काटला, पण इथला काटायचं त्यांना सुचलं नाही. अठ्ठावीस वर्षं बसलाय."

"आन् कुणाला दिसला न्हाय?"

"रोज दिसतोय. मीच नव्या वहीत उतरवला."

लालबी उंबऱ्यातून म्हणाली, "बिनतिकटाचा म्हणा की!"

"मेला!" बयाबाईच्या तोंडून गेलं. "जित्तेपणीबी माझ्याच पगारावर बसला हुता." ती हसायला गेली आणि कळेनं वाकली. लालबीनं उठून तिची पाठ धरली. कळ गेल्यावर बयाबाईनं मान वर केली, तेव्हा डोळ्यांत पुन्हा तेच होतं.

"पर म्या मेले तर? मयत झाल्यावर नाव काटतूस की तू. मग त्यो?"

हा प्रश्न पंचांना पडला नव्हता, ब्रदरना पडला नव्हता. पाळकसाहेबांनासुद्धा पडला नसावा.

"घरफाळ्यात काटतो," मी म्हणालो. "इथं नाही. इथं मेलेल्याची ओळ तशीच राहते. कडेला नुसती खूण करतो. बघा." मी मागची पानं उलटली. पानापानावर, समासात, गेलेल्या माणसांच्या ओळींपुढं वडिलांच्या वहीतून उतरवलेले आणि मी स्वतः काढलेले बारीक क्रूस. "एकही काटलेली नाही."

"कुरूस हाय त्यो?"

"क्रूसच."

तिनं त्यावरून बोट फिरवलं, एकेका क्रूसावरून, पान संपेपर्यंत. किती आहेत ते मोजलं नाही. मग म्हणाली, "लालबे, त्यो तांब्या घाल पिशवीत."

मी सुटलो असं वाटलं, पण तिनं माझं मनगट धरलं. दाईचा हात तो, अजून सांडशीसारखा.

"शामू, ह्ये तू खरं सांगतूस का माझं मन राखतूस?"

"जे लिहिलंय ते वाचून दाखवलं मावशी. त्यापलीकडचं मला माहीत नाही."

"मग तूबी चल मिरजेला. मला सुरीचं भ्या वाटतंय. त्ये न्यारं."

बुधवारी मी रजा टाकली. स्कायलॅब आजच पडणार असं पेपरात होतं, त्यामुळं गाडीत माणसं कमी. रुकडीला एक शेतकरी चढला आणि दर दोन मिनिटांनी खिडकीतून मान बाहेर काढून ढगात बघायला लागला. बयाबाईनं त्याला सांगितलं, "पावणं, मान आत घ्या, खांबाला लागंल. वरचं काय पडायचं ते पडंल." पण माझं मनगट तिनं मिरजेपर्यंत सोडलं नाही. उतरल्यावर बघितलं, तर चार बोटांचे वळ उठले होते. प्रमोदिनी ठेसनावर उभी होती. मावशी दिसल्याबरोबर ती धावली, आणि जवळ येऊन एकदम रागावली, भाच्या अशाच असतात.

गुरुवारी सकाळी नऊला बयाबाईला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर घेतलं. काटकुळी, हाडं दिसणारी, केसांची वेणी पांढऱ्या फडक्यात बांधलेली. ओठ हलत होते. प्रार्थना करते असं वाटून मी जवळ गेलो, तर ती प्रार्थना करत नव्हती. 'हाईस न्हवं, हाईस न्हवं' एवढंच म्हणत होती. कुणाला, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दारापाशी एक वयस्क सिस्टर हातात यादी घेऊन उभी होती. बयाबाईनं तिची बाही धरली.

"सिस्टरबाई, आज मी कितवी?"

"सहाव्या तुम्ही, आजी."

"आन् जागा किती हैत?"

सिस्टरनं यादीवरून नजरसुद्धा उचलली नाही.

"जागा कसल्या? जेवढी माणसं आलीत तेवढी सगळी करायची. डॉक्टर मग जेवतात."

बयाबाईनं बाही सोडली. मान उशीवर टेकली. तिच्या गळ्याची शीर जोरात उडताना दिसत होती, पण गाडी आत ढकलली तेव्हा तिनं कुणालाच धरलं नाही. दोन्ही हात छातीवर ठेवले. मी नकळत गाडीमागं दोन पावलं आत गेलो होतो.

"अहो, तुम्ही कुठं निघालात?" सिस्टर ओरडली. "चपला घालून! व्हा बाहेर!"

मी बाहेर आलो. दार मिटलं. बाकावर प्रमोदिनी बसली होती, तिच्या शेजारी बसलो. चपला काढून बाकाखाली ठेवल्या, आणि डॉक्टर जेवायला बाहेर येण्याची वाट बघायला लागलो.